धर्माचा रकाना आणि सतरंजीवरची मंडळी

2025च्या सप्टेंबरात आमच्या दारावर एक स्टिकर चिकटला आणि थोड्या दिवसांनी एक शिक्षिका मोबाइल घेऊन ओसरीत बसल्या. कर्नाटक राज्य मागासवर्ग आयोगाचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण. प्रश्न साठ. धर्म, जात, पोटजात, मातृभाषा, शिक्षण, जमीन असं एकेक पुढं सरकत होतं. त्या दिवसांत बेळगाव जिल्ह्यात जिथं जाल तिथं एकच चर्चा होती, कुठल्या रकान्यात काय लिहायचं. धर्म म्हणून 'हिंदू' सांगायचं, 'वीरशैव लिंगायत' की नुसतं 'लिंगायत', यावर लिंगायत समाजात जाहीर मतभेद होते. मराठी घरांचं लक्ष मातृभाषेच्या रकान्याकडं. आमच्या आईनं सगळी उत्तरं दिली, बाईंना चहा दिला आणि शेवटी विचारलं, "बाई, आमच्या भजनाचं काय विचारला नाहीसा?"

बाई हसल्या. त्यांच्या मोबाइलमध्ये तसा प्रश्नच नव्हता.

आईचं विचारणं भाबडं नव्हतं. तिचा धर्म एका शब्दात रकान्यात मावला. पण आठवड्यातून चार संध्याकाळी ती जिथं जाऊन बसते, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा जिथल्या बायका पाळीपाळीनं भाकरी-आमटी घेऊन आल्या, त्या मंडळाला साठ प्रश्नांत कुठंच जागा नव्हती. 2027च्या जनगणनेची चर्चा आता सुरू आहे. तिथंही मोजला जातो तो माणसाचा धर्म. तो कुणाबरोबर बसून पाळला जातो, हे कुणी विचारत नाही.

ते विचारणारी एक अभ्यासशाखा मात्र आहे. इंग्रजीत तिला 'काँग्रिगेशनल स्टडीज' म्हणतात. नाव जड आहे, विषय आपल्या देवळाच्या सतरंजीवरचा आहे.

मंडळी म्हणजे कोण?

या शब्दासाठी मराठीला उसनवारी करायची गरज नाही. मराठी बायबलमध्ये चर्च या अर्थी 'मंडळी' हाच शब्द आहे. तिथं चर्च म्हणजे इमारत नव्हे, जमलेली माणसं. आपल्याकडं भजनी मंडळ, यात्रा मंडळ, गणेशोत्सव मंडळ. मशिदीत जमात. (जुनी माणसं 'आमची मंडळी' म्हणायची तेव्हा अर्थ 'आमची बायको' असायचा, ते वेगळं.) या लेखापुरती व्याख्या अशी धरू: ठरावीक जागी, ठरावीक वेळी, पुन्हा पुन्हा धर्माच्या निमित्तानं जमणारी आणि एकमेकांना ओळखणारी माणसं म्हणजे मंडळी.

यातलं 'पुन्हा पुन्हा' आणि 'एकमेकांना ओळखणारी' महत्त्वाचं. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला लोटणारी गर्दी मंडळी नव्हे, ती जत्रा. पण त्याच गर्दीत एका गावाहून एका ट्रॅक्टरनं आलेली, दरवर्षी त्याच झाडाखाली चूल मांडणारी वीस माणसं ही मंडळी. फरक बाजार आणि भिशी यांच्यातला आहे. बाजाराला कुणीही येतो. भिशीला एक जण आला नाही तर बाकीचे त्याच्या घरी फोन लावतात.

हे शास्त्र आलं कुठून?

अमेरिकेतून, आणि बरंचसं गरजेतून. 1920च्या दशकात एच. पॉल डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या चर्चची पाहणी सुरू केली. शहरं वाढत होती, जुनी वस्ती हलत होती, काही चर्च ओस पडत होती. ते का, हे शोधायचं होतं. पुढं 1986 आणि 1998 साली या कामाची दोन मोठी हस्तपुस्तकं निघाली. त्यांचं वैशिष्ट्य असं की ती प्राध्यापकांइतकीच चर्चमधल्या सामान्य सभासदांसाठी होती: आपलीच मंडळी आपण कशी तपासायची. नॅन्सी अ‍ॅमरमन हे यातलं ठळक नाव. वस्ती बदलते तेव्हा कुठली मंडळी तगते, कुठली जागा बदलते, कुठली बंद पडते, हा त्यांचा विषय. म्हणजे विद्यापीठातला अभ्यास आणि मंडळ चालवणाऱ्यांचा कामाचा अभ्यास हे दोन्ही पहिल्यापासून एकाच गाडीला जुंपलेले.

श्रद्धा मोजायची कशी? मोजायचीच नाही

पहिली शंका हीच येते, आणि बरोबर आहे. श्रद्धेला मापटं नाही. पण सतरंजीवर किती जण बसले, हे मोजता येतं. आणि ते मोजलं की गमती बाहेर येतात.

अमेरिकेत पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं साधारण 40 टक्के लोक सांगत की आम्ही गेल्या आठवड्यात चर्चला गेलो होतो. 1993 साली हॅडवे, मार्लर आणि चेव्ह्ज या तीन अभ्यासकांनी ओहायो राज्यातला अ‍ॅश्टाब्यूला हा एक परगणा घेतला आणि खरोखर किती जातात ते पाहायचं ठरवलं. आधी चर्चची यादी लागणार. फोनच्या पुस्तकातली यादी अपुरी निघाली, म्हणून गाडी काढून रस्ते पालथे घातले. यादीत नसलेली चर्च सापडली. जिथून हजेरीचा आकडा मिळाला नाही, तिथं रविवारी बाहेर उभ्या गाड्या मोजल्या. शेवटी दिसलं ते असं की सांगणाऱ्यांच्या मानानं प्रत्यक्ष जाणारे जवळपास निम्मे.

लोक खोटं बोलत होते का? मला नाही वाटत. "तू वारकरी आहेस का?" असं विचारल्यावर "होय" म्हणणारा माणूस यंदा वारीला गेलेलाच असतो असं नाही. तो आपण कोण आहोत ते सांगत असतो, गेल्या आठवड्यात काय केलं ते नाही. प्रश्न एक विचारला, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आलं. साठ रकान्यांचे फॉर्म वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आमच्याकडं गाड्यांऐवजी चपला. देवळाच्या पायरीशी उभं राहून काकड आरतीला किती जोड आहेत आणि काल्याच्या महाप्रसादाला किती, हे मोजून पाहा. आमच्या गावच्या सप्त्यात एका पहाटे मी सतरा जोड मोजले, त्यातला एक माझा. काल्यादिवशी मोजणं सोडून दिलं, कारण माझीच चप्पल सापडेना.

मंडळं लहान, पण माणसं मोठ्या मंडळात

या शाखेनं शोधलेली एक गोष्ट मला फार आवडते. एका तालुक्यात दहा भजनी मंडळं आहेत असं धरा. नऊ मंडळांत वीस-वीस माणसं, दहाव्यात तीनशे. आता कुणी विचारलं, "तालुक्यातलं नेहमीचं मंडळ केवढं असतं?" तर उत्तर वीस. दहातली नऊ तेवढीच. पण रस्त्यावरच्या भजनकऱ्याला थांबवून विचारलं, "तुझं मंडळ केवढं?" तर तो बहुधा तीनशे म्हणेल, कारण लहान मंडळांत मिळून 180 आणि एकट्या मोठ्यात 300. दोन्ही उत्तरं खरी.

अमेरिकेत अगदी हेच आहे. मंडळ्या बहुतेक लहान, माणसं बहुतेक मोठ्यांत. त्यामुळं शहरातला माणूस म्हणतो धर्म जोरात आहे आणि खेड्यातला म्हणतो ओस पडलं. तिथल्या एका मोठ्या पाहणीत 2000 साली मधल्या आकाराच्या मंडळीची हजेरी 137 होती, 2020 साली ती 65 निघाली. मधली म्हणजे सगळ्या मंडळ्या लहान-मोठ्या क्रमानं ओळीत उभ्या केल्यावर बरोबर मध्यावर येणारी.

मंडळ्यांची पूर्ण यादीच नसेल तर नमुना निवडायचा कसा? मार्क चेव्ह्ज यांनी 1998च्या राष्ट्रीय पाहणीत सोपी युक्ती वापरली. मंडळ्या शोधायच्याच नाहीत. देशभरातून चिठ्ठ्या टाकून निवडलेली माणसं आधीच दुसऱ्या एका पाहणीत होती; त्यांना विचारलं, "तुम्ही कुठं जाता?" आणि त्यांनी सांगितलेल्या मंडळ्यांकडं जायचं. यात मोठ्या मंडळ्या जास्त सापडणार हे उघड आहे, कारण त्यांची माणसं जास्त. ती तूट-वाढ नंतर गणितानं भरून काढतात. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथं निम्म्या मंडळांची नोंदणी नाही आणि वर्गणीचं पावतीपुस्तक हाच काय तो दप्तरातला कागद, तिथं ही युक्ती चालण्यासारखी आहे.

सप्त्यातली पहाऱ्याची यादी

मोजून झालं की पाहायचं. हस्तपुस्तकं त्यासाठी चार भिंगं देतात. आपल्या शब्दांत सांगायचं तर आजूबाजू, वळण, कारभार आणि शिदोरी. मंडळी कुठल्या वस्तीत आहे. तिची रीत आणि स्वतःविषयीची गोष्ट काय. निर्णय कोण घेतं. आणि पैसा, माणसं, जागा यांतलं गाठीशी काय आहे.

चारही भिंगं एका कागदावर लावून दाखवतो. ज्ञानेश्वरी पारायणाच्या सप्त्यात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभा असतो, त्याला पहारा म्हणतात. कुणाचा पहारा कधी, याची यादी मंडपाच्या खांबाला लावलेली असते. मी ती वहीत उतरवून घेत होतो, तेव्हा वीणेकरी काकांनी विचारलं, "काय लिहायलास रे? नावं कशाला पाहिजेत तुला?" मी म्हटलं, बघतोय कोण कोण आहे. ते म्हणाले, "त्यात काय बघायचं, सगळं गाव आहे."

सगळं गाव नव्हतं. यादीतली जवळजवळ सगळी आडनावं जुन्या तीन गल्ल्यांतली. रस्त्यापलीकडं गेल्या पंधरा वर्षांत उठलेल्या नव्या वसाहतीतलं एकही नाव नाही. ही माणसं प्रसादाला येतात, वर्गणी देतात, पहाऱ्याला त्यांना कुणी विचारत नाही. हे झालं आजूबाजू. हरिपाठाला बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका, पण यादीत बाई एकही नाही. का, म्हणून विचारलं तर "तशी पद्धत नाही" एवढंच उत्तर. हे वळण. यादी लिहिली कुणी? पंच कमिटीतल्या दोघांनी, एका रात्रीत, मागच्या वर्षीची पाहून. हा कारभार. आणि रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला तीन दिवस एकच नाव, कारण दुसरं कुणी मिळालं नाही. शिदोरी किती उरली आहे, ते त्या एका नावावरून कळतं.

तो रात्रीचा पहारेकरी घरात कन्नड बोलतो. त्याची हरिपाठाची वही मी पाहिली आहे: शंभर पानी, पिवळ्या पुठ्ठ्याची, मराठी अभंग कन्नड लिपीत हातानं उतरवलेले, 'ळ' जिथं जिथं येतो तिथं शाई जरा दाट. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये तो आणि मी मातृभाषेच्या दोन वेगवेगळ्या उत्तरांत पडलो. पहाऱ्याच्या यादीत आम्ही एकाखाली एक.

म्हणून मंडळी म्हणजे गोडीगुलाबीच असं समजू नये. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा त्यांना दिसलं की एकाच दिंडीत चालणारी माणसं जेवायला जातवार वेगळी बसतात. बाईंनी ते वारीवरचं प्रेम न सोडता लिहून ठेवलं. दिंडी एकत्र चालते यापेक्षा ती जेवते कशी, यावरून जास्त कळतं.

हे ख्रिस्ती लोकांचं झालं. आपल्याला लागू होतं का?

शंका रास्त आहे. ही शाखा प्रोटेस्टंट चर्च डोळ्यांसमोर ठेवून वाढली. तिथं सभासदांचं रजिस्टर असतं, रविवारची वेळ असते. आपला माणूस कपिलेश्वराला सोमवारी जातो, घंटा वाजवतो, बेल वाहतो आणि दोन मिनिटांत बाहेर. त्याच्या शेजारी कोण उभं होतं हेही त्याला आठवत नाही. देऊळ घेऊन बसलात तर मंडळी सापडणार नाही.

पण देवळाच्या बाजूच्या सभामंडपात बघा. वारकरी फड, दिंडी, भजनी मंडळ, लिंगायत मठाचा भक्तगण, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जमणारे श्रावक, मशिदीची जमात. या भागात तर मंडळ्यांनी संस्था उभ्या केल्या. निपाणीजवळच्या स्तवनिधीला जैन समाज जमला आणि 1899 साली तिथं दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. पुढं ती दक्षिण भारत जैन सभा झाली. यात्रेच्या निमित्तानं जमणाऱ्या माणसांतून मुलांची बोर्डिंगं निघाली. बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठात मुलं राहून शिकली. कुणाच्या आजोबांचं शिक्षण कुठल्या मठाच्या पंगतीवर झालं, हे या जिल्ह्यात दर तिसऱ्या घरी ऐकायला मिळतं.

ख्रिस्ती मंडळ्यांचं चित्रही इथं अमेरिकेसारखं सरळ नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक बेळगावात 1820 साली आले. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 साली झाला. आज इथल्या कॅथलिक चर्चांत कोंकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होतात. इमारत एक आणि तासागणिक माणसं वेगळी, गाणी वेगळी, बाहेर अंगणातल्या गप्पा वेगळ्या. मग ही एक मंडळी की चार? अभ्यासक म्हणतील, अंगणात उभे राहा आणि कोण कुणासाठी थांबतं ते बघा.

उलटी गंमत परदेशात. अमेरिकेत गेलेल्या हिंदूंची देवळं हळूहळू चर्चसारखी वागू लागली. रविवारी जमणं, मुलांचे वर्ग, सभासदत्व, जेवण, हिशोबाची सभा. स्टीफन वॉर्नर या समाजशास्त्रज्ञानं हे नेमकं टिपलं: तिथं कुठलाही धर्म गेला तरी तो मंडळीचा आकार घेतो. इथं सोमवारी एकटा जाणारा माणूस तिथं रविवारी कमिटीत असतो.

नावं कशाला पाहिजेत तुला?

वीणेकरी काकांचा प्रश्न मी वर हसण्यावारी नेला, पण तो तसा सोडता येणार नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात कुणी वही काढून नावं आणि भाषा लिहू लागला की माणसं सावध होतात. आकड्यांवरून इथं गावं इकडची तिकडं मागितली गेली. 1956ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा 1967चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, सगळीकडं कोण किती टक्के हाच वाद. अशा ठिकाणी "तुमच्या मंडळात कन्नड बोलणारे किती?" हा प्रश्न निरुपद्रवी राहत नाही. उद्या तो आकडा कुणीतरी सभेत वाचून दाखवणार, हे गावाला ठाऊक असतं.

म्हणून या अभ्यासाचे काही दंडक आहेत आणि ते पाळले नाहीत तर अभ्यास न केलेला बरा. आधी मंडळाला विचारायचं, चोरून मोजायचं नाही. छापताना माणसाचं नाव नाही, शक्यतो गावाचंही नाही. जे सापडलं ते आधी मंडळापुढं वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर ते सांगतील, आणि चुकलं नसेल तर भांडतील. मी पहिली अट मोडली होती. यादी उतरवण्याआधी विचारलं नव्हतं. पुढच्या एकादशीला वही घेऊन गेलो, सगळं वाचलं आणि बायकांच्या मुद्द्यावर तासभर ऐकून घेतलं.

मग याचा उपयोग काय?

हस्तपुस्तकांतला एक साधा प्रयोग आहे. भिंतीवर लांब कागद लावायचा, मधोमध रेघ मारायची आणि सगळ्यांनी आपल्याला आठवतं ते त्या त्या वर्षापाशी लिहायचं. अध्यक्षानं नाही, सगळ्यांनी. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून तपकिरी कागदाची गुंडाळी आणली आणि देवळाच्या भिंतीला चिकटपट्टीनं लावली.

कमिटीच्या माणसांनी लिहिलं ते अपेक्षित होतं: जीर्णोद्धार, कळस, माईकचा नवा संच. मग बाकीचे उठले. 1986 पाशी कुणीतरी 'कर्फ्यू' लिहिलं आणि त्याच्याभोवती चौकोन काढला. कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाचं ते वर्ष, हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे ते त्याचंच. 2019 पाशी 'पूर', खाली 'देवळात अकरा घरं झोपली'. 2020 पाशी 'सप्ता नाही'. आईनं एका जागी 'पखवाज फुटला' एवढंच लिहिलं. मला वाटलं, किरकोळ गोष्ट. पण चार-पाच बायका लगेच मान हलवू लागल्या. पखवाज फुटल्यावर दुरुस्तीला सहा महिने लागले, तेवढ्यात वाजवणारा पोरगा उद्यमबागेत फाउंड्रीत लागला, त्याच्यामागून आणखी दोघं. संध्याकाळी सहाच्या हरिपाठाला तरुण येणं तिथून थांबलं. कमिटी इतकी वर्षं म्हणत होती की मोबाइलमुळं पोरं बिघडली.

त्या रात्री एवढंच ठरलं की हरिपाठ सहाऐवजी साडेसातला करून बघू. दोन म्हाताऱ्यांनी विरोध केला, वेळ ती वेळ. आईनं विरोध केला नाही, पण तिची मालिका साडेसातलाच असते, असं तिनं घरी येताना सांगितलं. पहिल्या आठवड्यात फाउंड्रीतला पोरगा दोनदा आला, अंगाला तेलाचा वास तसाच. पखवाज त्याच्यापुढं सरकवला तर म्हणाला, "हात बसलाय का बघतो आधी," आणि शाईवर हळूच बोटं टेकवली.